घुबडटेकडीची कापलेली पानं

लेव्हल १

"मारोती नरवाडेच्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार या पृथ्वीतलावर अजून जन्माला यायचाय," असं मारोतीमामांनी उदगीरच्या वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं. वाक्य संपेपर्यंत त्याच पायरीखाली काढून ठेवलेली त्यांची डावी चप्पल कुत्र्यानं पळवली होती.

लुंबिनीनं कुत्रं पाहिलं होतं. पण नांदेडहून पहिल्या गाडीनं धावत आलेल्या सख्ख्या मामाला आल्या आल्या हे सांगणं तिला बरं दिसेना. शिवाय तिचं चित्त ठिकाणावर नव्हतंच. कालपासून ती एका जागी दोन मिनिटं बसलेली नव्हती.

लुंबिनी गजभारे या वाचनालयाची ग्रंथपाल. बालविभाग नावाची एक खोली तिच्या ताब्यात होती, आणि तिच्यात बाल सोडून सगळं होतं. गावातली पोरं समोरच्या हरिओमच्या मोबाइल दुकानात बाकावर माना घालून बसत आणि अंगठ्यानं राक्षस मारत. मग तिच्या हाती घुबडटेकडीची मालिका लागली. साहसाची पुस्तकं, पण वाचता वाचता खेळायची. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोडं. उत्तर बरोबर आलं तर अमुक पानावर जा, चुकलं तर तमुक पानावर, आणि त्या पानावर मगर तोंड उघडून तयार. "ताई, माझी लाइफ गेली!" असं एक पोरगं पहिल्या दिवशी ओरडलं, तेव्हा त्या खोलीला कंठ फुटला. पुस्तक म्हटलं की पोटात दुखणारी पोरं रोज संध्याकाळी येऊन एकेक प्रकरण मोठ्यानं वाचू लागली.

शेवटच्या भागाची, 'घुबडटेकडीचा शेवटचा दरवाजा'ची, एकच प्रत मिळाली होती. प्रकाशकानं दुकान गुंडाळलेलं, दुसरी मिळायची सोय नाही. गुरुवारी पोरं शेवटच्या कोड्यापाशी पोचली. उत्तर रविवारी उघडायचं ठरलं. आणि शुक्रवारी सकाळी लुंबिनीनं सहज पुस्तक चाळलं, तर "थांबा! पुढचं पान उलटण्याआधी उत्तर शोधलंत का?" या पानानंतर एकदम पुठ्ठा. उकलीचं आख्खं प्रकरण गायब.

एवढ्यावर भागलं असतं तर तिनं मामांना बोलावलं नसतं. पण रविवारीच कार्यकारिणीची बैठक होती, आणि विषयपत्रिकेवर ठराव होता : बालविभाग बंद करून तिथं अभ्यासिका सुरू करणे. लातूरच्या शिकवण्यांचं वारं उदगीरला लागल्यापासून कोणतीही रिकामी खोली लोकांना अभ्यासिकाच दिसायची. अध्यक्ष रेवणप्पा बिरादार सर, गणिताचे निवृत्त शिक्षक, तिला म्हणाले होते, "रविवारी पोरं आली आणि पुस्तक पुरं केलं, तर बघू. न्हाई तर सोमवारी टेबलं टाकू."

मामांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, हुंगलं आणि शांतपणे म्हणाले, "लुंबे, हा माणूस घरचा हाय."

लेव्हल २

मामा पोलिसात होते असा उदगीरकरांचा समज होता, आणि तो मोडायची मामांना घाई नव्हती. खरं तर त्यांची सगळी नोकरी एसटीच्या तिकीट तपासणी पथकात गेली. नांदेड ते लातूर या पट्ट्यात बिनातिकिटाच्या तीन पिढ्या त्यांनी भर रस्त्यात उतरवल्या होत्या. जन्मभर चालत्या गाडीत विचार केल्यामुळं बसून विचार करणं त्यांना जमत नसे.

"खुर्ची घ्या ना, मामा."

"खुर्चीत तपास होत न्हाई." मामांनी कपाटाच्या वरच्या कडेला एक हात लावला, पाय जरा फाकवले आणि ते डुलायला लागले. "फाडलंय का कापलंय?"

"कापलंय. ब्लेडनं, पट्टी लावून. आणि हे बघा, आतल्या बाजूला बोटभर कागद ठेवलाय. तसं केलं न्हाई तर शिलाईपलीकडची जोडीची पानं निखळून पडतात."

"म्हणजे चोराला पुस्तकाची काळजी हाय."

"चोर कुठं काळजी करतो?"

"करतो की. बिनातिकिटाचा माणूस म्हातारीला उठून जागा देतो. मी डोळ्यानं पाहिलंय. हे काय?"

पानांच्या कडेला जागोजाग बारीक ठिपके होते, तीन-तीनच्या घोळक्यानं.

"माश्या," लुंबिनी म्हणाली. "खिडकीखाली जिलबीवाला बसतो. फुंकर मारून पाहिली, जात न्हाईत."

"माश्या. बराबर," असं म्हणून मामांनी तो मुद्दा निकालात काढला. या तपासातली ही पहिली घोडचूक, आणि तिच्यात मामा-भाचीचा वाटा समसमान होता.

मामा डुलत डुलत खोलीभर नजर फिरवत होते. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकत होती.

"ही सगळ्यांना ठाऊक हाय?"

"हाव."

"मग कुलूप कशाला?"

"नियम हाय."

खिडकीखाली पोरांची एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. तिचे चारी पाय नुकत्या जन्मलेल्या वासरासारखे चार दिशांना फाकले होते. पोरं नाचली असतील वर, असं लुंबिनीला वाटलं. कोपऱ्यातल्या उंच कपाटात बिरादार सरांनी निवृत्तीनंतर भेट दिलेली गणिताची गाइडं होती. भेट देतानाचा, गळ्यात हार घातलेला सरांचा फोटोही भिंतीवर होता. गाइडं जुनी, शेवटची पानं झिजून गळालेली. ती कुणी नेत नसे, कारण ज्याच्यात उत्तरंच नाहीत ते गाइड घरी नेऊन करायचं काय, हा पोरांचा सवाल बिनतोड होता.

"संशयित तीन," मामांनी बोटं काढली. "जिंकायची घाई असलेलं पोरगं. गिऱ्हाईक गेलेला दुकानदार. आणि ज्याला ही खोली पायजे तो. पहिलं पोरगं आण. दप्तरासकट."

दप्तर आलं. मामांनी ते उलटं केलं. वह्या, चिंचा, एक तुटका इयरफोन, आणि शेवटी टणकन् फरशीवर ब्लेड पडलं.

लेव्हल ३

दप्तर दीपमालाचं होतं. दीपमाला सातवीत. उदगीरच्या मोबाइलमधले बहुतेक राक्षस तिच्याच अंगठ्याखाली मेले होते. शाळेचं पुस्तक सोडलं तर तिनं आयुष्यात उघडलेलं पहिलं पुस्तक घुबडटेकडी.

"ब्लेड कशाला ठेवतीस?" मामांनी आवाज खाली आणला.

"पेन्सिलीला टोक करायला. शार्पनर शिसं खातंय."

"गुरुवारी सगळ्यात शेवटी तूच गेलीस म्हणं."

"हाव. मगरीनं खाल्लं मला. परत. लई राग आलता."

"म्हणून उत्तर कापून नेलंस!"

दीपमालानं मामांकडं जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "काका, कापू कशाला? मोबाइलवर फोटो काढला असता. पानं बी जाग्यावर राहिली असती न् कुणाला कळलं बी नस्तं."

मामांचं डुलणं थांबलं.

"आणि उत्तर बघून जिंकलं तर ते जिंकणं नस्तंय," ती पुढं म्हणाली. "ते चीट."

"मग अडल्यावर काय करता तुम्ही लोक?"

"हिंट घ्यायची. पण हिंट फुकट न्हाई भेटत. आधी ॲड बघावी लागती."

"कसली ॲड?"

"कसली बी. साबणाची, दाढीच्या क्रीमची. गप बसून पुरी बघायची. मधी बंद केली की हिंट गेली."

"लई कडक व्यवस्था हाय," मामा आदरानं म्हणाले. एसटीत असं काही असतं तर त्यांची नोकरी सुखात गेली असती.

पण खोलीच्या दाराशी जमलेली चार पोरं आपसांत कुजबुजत होती, आणि "ब्लेड" हा शब्द दीपमालाला ऐकू आला. तिनं वह्या दप्तरात कोंबल्या.

"ताई, मी न्हाई कापलं."

"मला माहीत हाय गं."

"तुम्हाला हाय. त्यांला न्हाई." ती दारातून वळली. "आणि वीरेश न् त्याची गँग हरिओमच्या दुकानात गेली. गेम हँग झाला म्हणत होते. उद्या कुणी येणार न्हाई."

लेव्हल ४

बिरादार सरांच्या घरी कस्तुराबाईंनी चुरमुऱ्याच्या सुशिल्याच्या बशा पुढं ठेवल्या. त्यांचे हात पिठानं भरलेले होते. सर डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करत बसले होते. त्या टोपीविना सरांना पाहिलेला माणूस उदगीरमध्ये कस्तुराबाई सोडून दुसरा नव्हता.

"गोष्टी वाचून आजवर एक तरी पोरगं डॉक्टर झालंय का?" सर म्हणाले. पण नेहमीचा जोर नव्हता. पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाले.

मामा एका पायात चप्पल घालून सरांच्या बैठकीत उभे होते आणि दाराच्या चौकटीला धरून डुलत होते. "सर, ते घुबडाचं पुस्तक तुम्ही कधी पाहिलंत?"

सरांनी टेबलावरच्या वर्तमानपत्रावर चटकन् पंजा ठेवला. तरी बोटांच्या फटीतून लुंबिनीला पेन्सिलीचे चौकोन दिसले. ओळीनं पाच दरवाजे, आणि त्यांच्यावर काट मारून पुन्हा पाच.

"हा काय अभ्यासिकेचा नकाशा?" मामांनी विचारलं.

"हां... हां. नकाशाच."

"एका खोलीला पाच दारं?"

"हवा खेळती पायजे."

लुंबिनीनं घास गिळला. म्हणजे भिंती फोडायची तयारीसुद्धा झाली होती.

"मॅडम," सर एकदम म्हणाले, "उद्याची बैठक आठवडाभर पुढं ढकलली तर? आणि पोरांचं ते... उत्तर उघडणं... तेही आठवडाभर..."

"कशासाठी, सर?"

"असंच."

आठवडाभरात पोरं पांगतील आणि खोली आपोआप रिकामी होईल, हा हिशोब लुंबिनीला लगेच कळला.

कस्तुराबाई दारापर्यंत सोडायला आल्या. "सरांचं जेवणात ध्यान न्हाई बघा. भाकरीचा तुकडा मोडतेत न् तसाच धरून बसतेत. डोळे मिटून बोटं मोजतेत. त्या अभ्यासिकेनं माझ्या माणसाची झोप उडवली, बाई."

रस्त्यावर आल्यावर मामांनी निकाल दिला. "सर निर्दोष."

"कशावरून?"

मामांनी पाय पुढं केले. दोन्ही पायांत सरांच्या जुन्या चपला होत्या. "मागितल्याबराबर काढून दिल्या. गुन्हेगार चप्पल देत नस्तो."

"मामा, तुम्हीच सांगता ना, तिकीट विचारलं की ज्याच्याकडं असतं तो घाबरून खिसे चाचपतो, आणि ज्याच्याकडं नसतं तो खिडकीबाहेर बघतो?"

"हाव. मग?"

"सरांनी दोन्ही केलं न्हाई. सरांनी काहीतरी झाकलं."

मामा थबकले. तिकीट असून ते लपवणारा प्रवासी त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना भेटला नव्हता. म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला आणि एका चपलेवर चालत होते त्याच्या दुप्पट वेगानं हरिओमच्या दुकानाकडं निघाले.

लेव्हल ५

"हरिओम! तुझा खेळ खलास!" मामा दारातून गरजले.

बाकावरची पोरं मान वर न करता म्हणाली, "कोणत्या लेव्हलला, काका?"

हरिओम एका मोबाइलला काच चिकटवत होता. त्यानं आधी काचेखालचा बुडबुडा नखानं बाहेर काढला, मग म्हणाला, "बोला."

मामांनी आरोपपत्र ठेवलं. गिऱ्हाईक गेलं, राग आला, किल्ली खिळ्याला होती, पानं कापली, पोरं परत आली. हरिओमनं सगळं नीट ऐकून घेतलं. मधे फक्त एकदा पाण्याचा ग्लास पुढं केला.

"मामा, मला पोरं पायजेत. उत्तर न्हाई," तो म्हणाला. "मी असतो तर आख्खं पुस्तकच उचललं नसतं का? नुसता शेवट कापून पुस्तक जाग्यावर ठेवणं म्हंजे पोरांला अजून खाज सुटणं. बघा यांच्याकडं. एक जण तरी खेळायलाय का?"

खरंच कुणी खेळत नव्हतं. वीरेश मोबाइल पालथा धरून शेवटच्या कोड्यातल्या दरवाजांवरून तावातावानं बोलत होता, "घुबड खोटं बोलतंय म्हणून तर तिसरा दरवाजा!" दुसरा म्हणत होता, "अरे पण घुबड खरं बोललं असलं तर?"

"सकाळपासून हेच," हरिओम म्हणाला. "माझी वीज जाळून राहिलेत न् घुबडावर भांडून राहिलेत. ती पानं सापडली तर माझ्यावर उपकार होतील."

मामा खाली बसले. ते बसले म्हणजे तपास बसला, हे लुंबिनीला कळलं. उद्याची सकाळ तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली : रिकामी खोली, टेबलं उतरवणारा टेंपो, आणि आपण हातात शेवट नसलेलं पुस्तक धरून.

"पण ताई," हरिओमनं विचारलं, "तुम्ही दुपारी घरी जेवायला जात न्हाई का हल्ली?"

"जाते की. दुपारी वाचनालय बंदच असतंय."

"मग तुमच्या त्या खोलीची खिडकी कोण उघडतंय? मला वाटलं तुम्हीच असताव."

लुंबिनी झटकन् पुढं आली. "कोण दिसतं तिथं?"

"माणूस न्हाई दिसत. खिडकीच्या खालच्या कडेला नुसतं टक्कल दिसतंय. सूर्य उगवून तिथंच अडकावा तसं."

लेव्हल ६

दुपारी हरिओमकडून बाहेरून कुलूप लावून घेऊन मामा-भाची वाचनालयात आतच थांबली. खिडकी लावलेली. वीज गेलेली. लुंबिनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती आणि मामा कपाटाला धरून जागच्या जागी डुलत होते, त्यामुळं ती खोलीच कुठंतरी निघाल्यासारखी वाटत होती.

"उदगीरात टकलं किती, सांग," मामा म्हणाले. "आर्धं गाव धरावं लागंल."

"मामा, जरा गप बसा."

"बसून मला..."

"मग गप उभे राहा."

उकाड्यानं जीव कासावीस झाला. वारा घ्यायला म्हणून लुंबिनीनं कोपऱ्यातल्या कपाटातून एक जुनं गाइड ओढलं आणि हलवायला लागली. दोन-चार झोत आले असतील. मग तिचा हात हवेतच राहिला.

गाइडाची शेवटची पानं गळालेली नव्हती. कापलेली होती. ब्लेडनं, पट्टी लावून, आतल्या बाजूला बोटभर कागद ठेवून.

तिनं दुसरं गाइड काढलं. तसंच. तिसरं, चौथं. सगळ्यांचे शेवट त्याच हातानं, तेवढीच पट्टी ठेवून कापलेले. आणि कडेला, प्रत्येक गणिताच्या शेवटच्या पायरीआधी, पेन्सिलीचे तीन ठिपके. वर एक, खाली दोन.

"मामा, माश्या त्रिकोणात बसत न्हाईत."

"काय?"

"ही गणितातली 'म्हणून'ची खूण हाय. घुबडटेकडीत हीच हाय. कुणीतरी प्रत्येक धाग्यापाशी 'म्हणून' लिहीत लिहीत ते पुस्तक सोडवलंय." ती आता बोलता बोलता चालत होती. "बघा. उत्तर पायजे असतं तर फोटो काढला असता, दीपमाला म्हणाली तसं. खोली बंद पाडायची असती तर पुस्तकच उचललं असतं, हरिओम म्हणाला तसं. यानं पुस्तक जपून ठेवलं, 'थांबा'चं पान ठेवलं, आणि नेमकं उत्तर तेवढं काढलं. वाचायला न्हाई काढलं, मामा. दिसू नये म्हणून काढलं."

"कुणाला दिसू नये?"

"त्याला स्वतःला."

मामा तोंड उघडणार तोच बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

दोघं गाइडांच्या कपाटामागं सरकली. पावलं आत आली. खिडकी उघडली गेली. अध्यक्षाकडची जादा किल्ली आणि एक पांढरी टोपी टेबलावर ठेवली गेली. मग पोरांची लाल खुर्ची करकरली, आणि रेवणप्पा बिरादार सर तिच्यात गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसले. त्यांनी घुबडटेकडी उघडलं आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"तिकीट दाखवा," मामा कपाटामागून म्हणाले.

सर उठायला गेले, पण खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती सोडवण्यात थोडा वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांनाच काय बोलायचं ते सुचलं.

"वाचलं न्हाई मी," सर म्हणाले. "आईशपथ. उकलीची एक ओळ वाचली न्हाई."

"पानं कुठं आहेत, सर?" लुंबिनीनं विचारलं.

"कस्तुराच्या पिठाच्या डब्यात. आमच्या घरातली सगळी उत्तरं तिथंच राहायची. गाइड आणलं की आधी उत्तरं कापायची, तिच्या ताब्यात द्यायची, गणित सुटलं की मगच मागायची. माझी दोन्ही लेकरं तशीच शिकली. वर्गातली पोरं तशीच शिकली."

"पण हे पुस्तक तुम्ही उघडलंत कशाला?"

"दोष काढायला. ठरावाच्या आधी चार दोष सांगता यावेत म्हणून पहिला भाग घेतला." सरांनी टकलावरून हात फिरवला. "मला मगरीनं खाल्लं, मॅडम. मला! लातूरला गणित शिकवलेल्या माणसाला. मग मी दुसरा भाग घेतला. आणि या शेवटच्या कोड्यापाशी आलो, तर माझा हात आपोआप पुढच्या पानाकडं जायला लागला. जन्मात कधी गेला नव्हता. म्हणून सवयीनं ब्लेड काढलं. पुस्तक आपलं न्हाई, हे कापून झाल्यावर ध्यानात आलं."

"मग सांगायचं."

"काय सांगू? अध्यक्ष मगरीच्या तोंडात हाय म्हणून? वाटलं, दोन दिवसांत सुटंल, मग खळीनं चिकटवून टाकू. सुटंना. म्हणून तर बैठक पुढं ढकला म्हणालो."

"सर," लुंबिनी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाही अनोळखी वाटला, "सकाळी दीपमालाच्या दप्तरात ब्लेड निघालं. पोरं तिला चोर म्हणायलीत."

टोपी घालायला घेतली ती सरांनी हातातच ठेवली.

मामांचे डोळे चमकत होते. "उद्या भर बैठकीत मी उभा राहतो. भाषण तयार हाय. अध्यक्षाच्या अब्रूचा पंचनामा! खोली वाचली म्हणून समज, लुंबे."

रात्रंदिवस ज्या खोलीसाठी जीव टांगणीला लागला होता, ती अशी हातात आली होती. नुसती मूठ वळायची होती. लुंबिनीनं खिडकीतून समोर पाहिलं. दीपमाला हरिओमच्या दुकानापासून लांब, एकटीच कट्ट्यावर बसली होती.

"न्हाई, मामा. पानं सर आणतील. बोलायचं काय, ते सरच ठरवतील."

"आणि न्हाई बोलले तर?"

उत्तराचं पान तिच्याकडंही नव्हतं.

लेव्हल ७

रविवारी सकाळी कार्यकारिणी मोठ्या दालनात बसली. बालविभागाच्या दारात पोरं होती, पण आत एकही गेलं नव्हतं. वीरेशची गँग एका बाजूला, दीपमाला दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून. लुंबिनी दोन दारांच्या मधे उभी होती आणि तिची टाच जमिनीला लागत नव्हती.

सर उशिरा आले. काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि पंच्यातून पीठ सांडत होतं. सचिवांनी ठराव वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर उभे राहिले.

"त्याच्या आधी एक. घुबडटेकडीची पानं मी कापली."

सचिवांचं तोंड उघडंच राहिलं. दारातली पोरं दालनात घुसली.

"ब्लेड माझं होतं. दीपमाला, बाळ, तुझं नव्हतं. हे मी चार लोकांत बोलतोय, कारण तुझ्यावर आळ चार लोकांत आला." सरांनी पंचा सोडून पानं लुंबिनीच्या हातात दिली. "आणि हा अभ्यासिकेचा ठराव मी मागं घेतो. का ते विचारू नका."

सगळ्यांनी एकदम विचारलं, "का?"

"कारण अभ्यासिका तिथं आधीच भरायलीय. उत्तराचं पान नसताना, मार्क नसताना, ही पोरं एका कोड्यावर दुकानात बसून भांडत होती. माझ्या वर्गात असं एकदाही झालं न्हाई. मी अध्यक्ष असेपर्यंत त्या खोलीत टेबल येणार न्हाई."

टाळ्या सुरू केल्या त्या हरिओमनं, तो दुकान उघडं टाकून आला होता. वीरेशनं दीपमालाकडं बघून "सॉरी" असं काहीतरी पुटपुटलं आणि तिनं "हट्" म्हणून त्याला आत ढकललं, म्हणजे मिटलं. लुंबिनीची टाच जमिनीला टेकली. मामा तेवढे खट्टू होते. घडी घातलेलं भाषण त्यांनी खिशावरून दोनदा चाचपलं. तिकीट असलेल्या माणसाचं असंच होतं.

मग बालविभागात दाटी झाली. दीपमालानं पानं उघडू दिली नाहीत. आधी आपलं उत्तर फळ्यावर खडूनं लिहिलं, का ते सगळ्यांना पटवलं, आणि मगच म्हणाली, "वाचा आता, ताई." लुंबिनीनं पिठानं माखलेलं पान उलटलं. दुसऱ्या ओळीला पोरांनी अशी आरोळी ठोकली, की जिलबीवाला खिडकीतून डोकावला.

या सगळ्या वेळात बिरादार सर बाहेर व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून, दोन्ही कानांत बोटं घालून उभे होते.

आरोळी ओसरल्यावर ते दाराशी आले. फळ्याकडं न बघता, एक हात डोळ्यांच्या कडेला धरून, ते थेट दीपमालासमोर थांबले. सचिवांनी फोटोसाठी मोबाइल काढला. सरांनी टोपी काढली, आणि उदगीरच्या इतिहासात पहिल्यांदा ते टक्कल चार लोकांपुढं खाली झुकलं.

"पोरी, उत्तर नको सांगू," सर तिच्या कानाशी म्हणाले. "घुबड खरं बोलतंय का खोटं, एवढीच हिंट दे. पायजे तर आधी ॲड बघतो."